अंगावर काढलेली गाठ : डहाणू-तलासरी ते परळ

(आमच्या इतिहासमालिकेतल्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी मजकूर तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग आपल्या एका नेहमीच्या शब्दप्रयोगापासून सुरू करते. तो म्हणजे 'अंगावर काढणं'. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, असं आपण सहज म्हणतो. घरातल्या बाईबद्दल तर थोड्या कौतुकानेच म्हणतो, "तिनं कधी सांगितलंच नाही हो, सगळं अंगावर काढलं." सर्दी-पडसं असं निभावून जातं. स्तनातली गाठ मात्र निभावत नाही. आणि अडचण अशी की ती सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. जे दुखत नाही त्याला दुखणं तरी कसं म्हणायचं? आणि जे दुखणंच नाही, त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार?

म्हणून आज आपण स्तनाच्या कर्करोगाकडे बघणार आहोत ते इतिहासाच्या बाजूने. हा रोग लवकर ओळखता येतो, ही कल्पना आपल्याकडे कशी आली, ती कोणी तपासून पाहिली, आणि पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरीपर्यंत ती कशी पोचते आहे, हे पाहू. माझा मुद्दा एकच आहे. आपल्याकडचा हा इतिहास यंत्रांचा कमी आणि दारोदार चालत जाणाऱ्या बायकांचा जास्त आहे. आणि 'माणूस येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं' ही गोष्ट डहाणू तालुक्याने, वेगळ्याच कामासाठी, देशाला आधीच शिकवली होती.

आधी अंग आपलं व्हावं लागतं

तलासरी तालुक्यात दहातले नऊ जण आदिवासी आहेत, डहाणूत दोन-तृतीयांशाहून जास्त. मुख्यतः वारली, त्याशिवाय कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी. समुद्राकडची बाजू चिकूच्या वाड्यांची, पारशी-इराणी बागायतदारांची, मच्छीमारांची. पूर्वेकडे जंगल आणि डोंगर. गवत कापणं, लाकूड तोडणं, सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबणं, असं इथलं जुनं आयुष्य. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही जमीनदाराकडे बांधली जायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची ती परिषद भरली होती. वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम करायचं नाही, असं तिथे ठरलं. गोदावरीबाईंनी या लढ्यावर लिहिलेलं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यातल्या अनेकांनी वाचलं असेल.

आरोग्याच्या भागात मी हे का सांगते आहे? कारण लवकर निदान या गोष्टीमागे एक गृहीतक आहे. आपल्या शरीरात काही बदललं तर त्याकडे लक्ष देण्याचा, काम थांबवण्याचा, कोणाला तरी विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं ते गृहीतक. ज्या बाईचा दिवस, श्रम आणि अंग हे सगळंच दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं होतं, तिला हा अधिकार कुठला? वेठ गेली त्याला आता ऐंशी वर्षं झाली. पण सरकारी माणूस गावात आला की तो काहीतरी न्यायलाच आला असणार, ही धास्ती जायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आधी जंगलखात्याचा शिपाई यायचा, मग कुटुंबनियोजनवाले. त्यांच्यामागून कोणी 'तपासणी' म्हणत आलं, तर दार चटकन उघडत नाही.

अंगणात गेलेली शाळा

त्याच १९४५ साली, डहाणू तालुक्यातच, समुद्रकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी काम सुरू केलं. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कोणी गुरांमागे गेलंय. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरायला लागला, आणि त्यातून 'अंगणवाडी' आली. पुढे १९५०च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती 'कुरणशाळा'.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यावर बायकांच्या तपासणीसाठी चार भिंतींची, दार लावून घेता येणारी जागा शोधायची म्हटली, तर ती बहुधा अंगणवाडीच असते. ताराबाई आणि अनुताईंनी जे मुलांसाठी केलं, ते त्यांच्या आयांसाठीही उपयोगी पडतंय.

परळ

आता थोडं मुंबईला जाऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे.

पण रुग्णालयात आलेलेच रुग्ण मोजले, तर न आलेल्यांचं काय? त्यासाठी लोकसंख्येची नोंदणी लागते. १९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने, मुंबईत देशातली पहिली अशी कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदींत सुरुवातीची वर्षं बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. हळूहळू तो कमी होत गेला आणि स्तनाचा वाढत गेला. आज देशभरात स्तनाचा कर्करोग बायकांमध्ये पहिला आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू.

योगायोग बघा, त्याच १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. हजारो बायकांच्या स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, आणि सोबत हाताने तपासणी. काही वर्षांनी दिसलं की तपासलेल्या गटात मृत्यू कमी झाले. तिथून पाश्चात्त्य देशांत मॅमोग्राफीचं युग सुरू झालं.

लवकर म्हणजे नेमकं काय?

इथे एक गुंता आहे. तो डहाणूच्या लोकलने सांगते. डहाणू रोडला गाडीत बसलेली बाई आणि त्याच गाडीत विरारला चढलेली बाई, दोघी दादरला एकाच मिनिटाला उतरतात. पण डहाणूची बाई म्हणेल, "मी केवढा तरी वेळ गाडीत होते." तिचा प्रवास लांबलेला नाही, फक्त मोजणी आधी सुरू झाली. कर्करोगाचंही तसंच होऊ शकतं. गाठ दोन वर्षं आधी सापडली, म्हणून बाई निदानानंतर दोन वर्षं जास्त जगलेली दिसते. पण शेवट त्याच दिवशी आला असेल, तर लवकर शोधून मिळालं काय? म्हणून 'निदानानंतर किती जगली' यापेक्षा 'तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत या रोगाने किती गेल्या' हे मोजावं लागतं.

हे मोजलं की आवडत्या समजुतीही गळून पडतात. 'दर महिन्याला स्वतःची स्तनतपासणी करा' हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकला. शांघायमध्ये १९८९ पासून कापडगिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर हा प्रयोग झाला. अर्ध्या जणींना पद्धतशीर शिकवलं. २००२ साली निकाल आला. दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच. शिकवलेल्या गटात उलट साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी सुईचे तुकडे जास्त वेळा काढावे लागले. म्हणून आज तारीख धरून तपासण्यापेक्षा 'आपलं शरीर ओळखा, वेगळं वाटलं तर दाखवा' यावर भर असतो.

मॅमोग्राफीचंही आपल्याकडे जमेना. यंत्र महाग, चालवणारे आणि वाचणारे थोडे. शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं लवकर गाठतो, आणि तरुण वयात स्तनाची घडण दाट असल्याने त्या चित्रात गाठ नीट दिसत नाही.

मुंबईच्या वस्त्यांतले हात

मग टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. यंत्र नको, डॉक्टरही नको. स्थानिक बाईला नीट शिकवलं आणि तिने बोटांनी तपासलं, तर?

मे १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांत काम सुरू झालं. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका. वस्त्यांचे २० समूह, दोन गटांत वाटलेले. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या, हाताने स्तनतपासणी केली आणि रोगाची माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहिती एकदाच. मग दोन्ही गटांच्या घरी वर्षानुवर्षं जाऊन विचारपूस. तपासणारीही बाईच हवी, हे उघड होतं. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली स्त्री-डॉक्टरांसह उघडलं ते याच कारणाने. बायका पुरुषासमोर अंग उघडं करत नव्हत्या, आणि शंभर वर्षांनीही त्यात फार फरक पडला नव्हता.

वीस वर्षांचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. न तपासलेल्या गटात ४७ टक्के रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडल्या, तपासलेल्या गटात ३७ टक्के. हा फरक पक्का होता. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल, इतकाच ठाम होता. पन्नाशीपुढच्या बायकांचा हिशेब वेगळा केला तेव्हा मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाले. हा हिशेब मागाहून केलेला, म्हणून तो थोडा जपून घ्यायचा. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. याच कामाच्या दुसऱ्या भागात, व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासण्याने, त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निकाल २०१४ साली आला.

या संशोधनावर टीकाही झाली, विशेषतः गर्भाशयमुखाच्या भागावर. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या गरीब बायकांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्न विचारला गेला. तो रास्त आहे आणि इतिहास सांगताना गाळू नये. आज आपण जे ठामपणे बोलतो, त्यातला काही भाग त्या न तपासलेल्या बायकांच्या आयुष्यावर उभा आहे.

बार्शीची वाट

ही झाली मुंबई. तिथे वस्तीपासून परळ बसने गाठता येतं. खेड्याचं काय? त्याचं उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मिळतं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय तिच्या मागे होते. बार्शी, परांडा आणि भूम इथली गावं. खेड्यात आयत्या नोंदी कुठून मिळणार? म्हणून नोंदणीची माणसं स्वतः गावोगाव जायची, लोकांशी बोलायची, लक्षणं सांगायची, संशय आला तर त्या माणसाला रुग्णालयात यायला लावायची.

झालं असं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या. तपासणीची मोहीम नव्हती, यंत्र नव्हतं. फक्त कोणीतरी पुन्हा पुन्हा गावात जात होतं. माझ्या मते आपल्या आरोग्याच्या इतिहासातली ही फार मोठी आणि फार कमी सांगितली गेलेली गोष्ट आहे.

बार्शीने आणखी एक दाखवलं. खेड्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी आहे. लवकर बाळंतपण, जास्त मुलं, मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजणं, यांनी धोका कमी होतो. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि ज्या गावात हा रोग विरळा, तिथे तो ओळखणारंही कोणी नसतं. पाजणाऱ्या बाईला गाठ लागली की ती दुधाचीच, असं घरात ठरून जातं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणूनच खोटं असतं तेव्हा कळायला उशीर होतो.

पुन्हा डहाणू-तलासरी

२०१६ साली केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वय ३० ते ६५, पाच वर्षांतून एकदा, आणि स्तनासाठी हाताने तपासणी. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा कागद भरते, त्यात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, हे विचारलेलं असतं. मुंबईच्या वस्त्यांतलं शिक्षण अशा रीतीने पाड्यावर आलं. डहाणूला आयसीएमआरचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे, आणि त्याची मार्गदर्शक संस्था पुन्हा परळचीच.

कागदावर साखळी पूर्ण झाली. प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, स्तनाची तपासणी कधी झाली आहे का. देशभरात हो म्हणणाऱ्या होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही.

डहाणू-तलासरीत याला आणखी दोन पदर आहेत. पहिला, वेळेचा. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, वसई-भिवंडीकडे, पार ठाण्या-मुंबईपर्यंत. परततात पावसाच्या तोंडावर. शिबिराचं वेळापत्रक जानेवारीचं असेल, तर ज्या बाईसाठी ते भरवलं ती भट्टीवर विटा थापत असते. उरलेल्यांपैकी तरुण मुली पहाटेच उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे निघून जातात. वेळापत्रक आपल्या सोयीचं की त्यांच्या, हा ताराबाईंचाच जुना प्रश्न आहे.

दुसरा पदर अंतराचा. मुंबईच्या निकालामागे एक न दिसणारी गोष्ट होती. हाताला गाठ लागली की पुढचं रुग्णालय जवळ होतं, आणि आली नाही तर कोणीतरी पुन्हा घरी जाऊन विचारत होतं. डहाणू रोडहून लोकल आहे, १६ एप्रिल २०१३ पासून. पण दादर शंभर किलोमीटरहून दूर. तलासरीला तर रेल्वे स्थानकच नाही. सोनोग्राफी, सुईने तुकडा काढणं, अहवालाची वाट पाहणं, पुन्हा जाणं. प्रत्येक फेरीत दोन माणसांची मजुरी बुडते, लेकरं शेजारी ठेवावी लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च निघतो, पण या फेऱ्यांचा हिशेब कोण ठेवतं? गाठ सापडणं ही अर्धीच गोष्ट. ती घेऊन बाई पोचणं ही उरलेली अर्धी. पहिलं करून दुसरं सोडलं, तर आपण तिला फक्त भीती देऊन परत आलो.

भीती खरी आहे. 'छाती कापतात' हे गावात सगळ्यांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तनासकट खालचे स्नायू काढायची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि पुढं पाऊणशे वर्षं तीच चालली. बर्नार्ड फिशर यांच्या संशोधनाने दाखवलं की लहान गाठ असेल तर ती काढून किरणोपचार दिले तरी जगण्याची शक्यता तितकीच राहते. म्हणजे लवकर येण्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते, आणि पुष्कळदा स्तनही वाचतो. हे वाक्य पाड्यावर पोचायला हवं, आणि ते वारलीत सांगणारी बाई असेल तर उत्तम.

जाता जाता, कामाचं. स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती दुखो न दुखो. बोंड नव्याने आत ओढलं जाणं. त्यातून रक्त येणं. कातडीवर खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. आकार बदलणं. बरी न होणारी जखम. यातलं काहीही दिसलं तर आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात सांगा. दवाखान्यात नुसतं 'छातीत दुखतं' म्हणू नका, डॉक्टर हृदय तपासतील. 'स्तनात गाठ आहे' असं स्पष्ट सांगा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरत नाही. भगताकडे जायचं असेल तर जा, पण दवाखाना पुढं ढकलू नका.

आणि ऐकणाऱ्यांत आशाताई, सिस्टर, अंगणवाडीताई असतील तर एवढंच म्हणते: गाठ सापडलेल्या बाईच्या घरी दुसऱ्यांदा जा. बार्शीने जे शिकवलं ते या दुसऱ्या फेरीत आहे.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या गावातला अनुभव आम्हाला जरूर कळवा.